फाटक एक, तुकड्या अनेक : लंडनच्या हॉलंड पार्क शाळेची गोष्ट

मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी दोघातिघांनी एकच प्रश्न विचारला. इंग्लंडमधली साधी सरकारी माध्यमिक शाळा नेमकी कशी असते? कारण आपल्याला वाचनातून माहीत असतात त्या ईटन, हॅरो या शाळा. त्यांना तिथे 'पब्लिक स्कूल' म्हणतात आणि त्या असतात पूर्णपणे खासगी, हा घोळ तर आहेच. म्हणून आज आम्ही सगळ्या व्यवस्थेबद्दल न बोलता एकच शाळा घेतली आहे. पश्चिम लंडनमधली हॉलंड पार्क स्कूल. मुलंमुली एकत्र शिकतात, प्रवेशाला परीक्षा नाही, फी नाही, अशी ही शाळा. तिकडे अशा शाळेला 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' म्हणतात. मराठीत 'सर्वसमावेशक' म्हणता येईल, पण आज आपण तोच शब्द ठेवू या, कारण त्या शब्दावरून तिथे निवडणुका लढवल्या गेल्या आहेत.

शाळा उघडली सप्टेंबर १९५८ मध्ये. जागा कॅम्पडन हिल. केन्सिंग्टनमधली ही टेकडी म्हणजे मोठमोठ्या बागांची, जुन्या श्रीमंत घरांची वस्ती. शाळेसाठी जी जमीन लंडन काउंटी कौन्सिलनं ताब्यात घेतली, तिच्यावर थॉर्प लॉज नावाचं घर होतं. तिथे बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर मॉन्टेग्यू नॉर्मन राहत असत. नॉर्मन १९२० ते १९४४ अशी चोवीस वर्षं गव्हर्नर होते, म्हणजे साधी असामी नव्हे. ते घर पाडलं नाही, शाळेच्या आवारातच राहिलं. आजूबाजूच्या लोकांनी शाळेला विरोध केला, हे सांगायला नकोच. झाडं जातील, जुनी घरं जातील, गोंगाट होईल असं म्हटलं गेलं. त्यात दोन हजार मुलांच्या भीतीचा भाग किती आणि झाडांवरच्या प्रेमाचा किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

आणि या टेकडीपासून उत्तरेला जेमतेम मैलभर गेलं की नॉटिंग डेल. एकेका खोलीत एकेक कुटुंब, गळकी छपरं, अवाच्या सवा भाडी. वेस्ट इंडीजमधून आलेली माणसं तिथे राहत होती, कारण इतरत्र त्यांना कुणी खोली देत नव्हतं. शाळा उघडायच्या आधीच, ऑगस्टच्या शेवटच्या दिवसांत, त्या भागात दंगल पेटली. गोऱ्या तरुणांच्या टोळ्या काळ्या माणसांच्या घरांवर चालून गेल्या आणि हे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चाललं. त्याच महिन्यात टेकडीवर नव्या शाळेचं फाटक उघडलं आणि टेकडीवरची, टेकडीखालची, दोन्हीकडची मुलं त्यातून आत जाणार होती. निदान कागदावर तरी.

आता ही कल्पना आली कुठून, ते पाहायला थोडं मागे जाऊ.

१९४४ च्या कायद्यानं इंग्लंड-वेल्समध्ये माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झालं. १९४७ पासून पंधरा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची झाली. फार मोठी गोष्ट होती ती. पण 'सर्वांना माध्यमिक शिक्षण' याचा अर्थ 'सर्वांना एकच शाळा' असा नव्हता. मुलं तीन प्रकारची असतात, असं त्या काळी अधिकृत अहवालांत लिहिलेलं आढळतं: पुस्तकी बुद्धीची, यंत्राशी जमणारी आणि हातानं काम करणारी. म्हणून शाळाही तीन: ग्रामर, टेक्निकल आणि सेकंडरी मॉडर्न. टेक्निकल शाळा फारशा निघाल्याच नाहीत. उरल्या दोन. कोण कुठे जाणार हे ठरवायला अकराव्या वर्षी परीक्षा, तिचं नाव 'इलेव्हन प्लस'. गणित, इंग्रजी आणि बुद्धिमापन चाचणी. साधारण चार-पाचांतलं एक मूल ग्रामरला जाई, तिथून विद्यापीठाची वाट. बाकीची सेकंडरी मॉडर्नमध्ये, आणि पंधराव्या वर्षी बहुतेक जण कुठलंही प्रमाणपत्र न घेता कामाला.

इथे दोन गोष्टी ऐकण्यासारख्या आहेत. एक, ग्रामरच्या जागा गावोगावी वेगळ्या. वेल्सच्या काही भागांत पुष्कळ, इंग्लंडच्या काही जिल्ह्यांत अगदी थोड्या. म्हणजे बुद्धी तीच, पण घर नदीच्या अलीकडे की पलीकडे यावर निकाल. दुसरी गोष्ट अधिक मजेची, खरं तर चीड आणणारी. या परीक्षेत अकराव्या वर्षी मुली मुलांपेक्षा सरस ठरत. सरळ गुणांनी प्रवेश दिला असता तर ग्रामरमध्ये मुली जास्त झाल्या असत्या. म्हणून अनेक ठिकाणी मुलींसाठी उत्तीर्ण होण्याची रेषा वर ठेवली जाई. पालकांना हे सांगितलं जात नसे. 'मिश्र शाळा' हा शब्द आपण ऐकतो तेव्हा एका बाकावर मुलगा आणि एका बाकावर मुलगी एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण लंडनमधल्या बहुतेक ग्रामर शाळा मुलांच्या वेगळ्या, मुलींच्या वेगळ्या होत्या आणि जागांचा हिशेबही वेगळा होता. एकत्र शाळेत तो वेगळा हिशेब ठेवायला जागाच उरत नाही.

१९५७ मध्ये येट्स आणि पिजन या दोन संशोधकांनी या निवडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळी काळजी घेतली तरी दहा मुलांमागे एकाला चुकीच्या शाळेत पाठवलं जातं, असा त्यांचा अंदाज होता. देशभराचा आकडा धरला तर दरवर्षी हजारो घरांत हा निकाल चुकीचा लागत होता, आणि त्यावर अपील जवळजवळ नव्हतंच.

लंडन काउंटी कौन्सिलवर मजूर पक्षाची सत्ता होती. १९४७ च्या आराखड्यात त्यांनी ठरवलं की आपल्याकडे कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा बांधायच्या. (पहिला मान मात्र लंडनचा नाही. वेल्समधल्या अँगलसी बेटावर होलीहेडला १९४९ मध्येच अशी शाळा झाली होती, आणि तिथलं कारण तत्त्वापेक्षा व्यवहाराचं होतं. एवढ्याशा बेटावर दोन-दोन प्रकारच्या शाळा चालवायच्या कशा?) लंडनची पहिली मुद्दाम बांधलेली मोठी कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे १९५४ ची किडब्रुक. ती फक्त मुलींची. तिच्यात जवळची एक मुलींची ग्रामर शाळा विलीन व्हायची होती. शिक्षणमंत्री फ्लॉरेन्स हॉर्सब्रो यांनी ऐन वेळी परवानगी नाकारली. ग्रामर शाळा जिथल्या तिथे राहिली. ही घटना लक्षात ठेवा, तिचा परिणाम पुढे तीस वर्षं दिसतो.

या शाळा इतक्या अवाढव्य का? हा प्रश्न आम्हालाही पडला होता. उत्तर साध्या अंकगणितात आहे. तेव्हा बहुतेक मुलं पंधराव्या वर्षी शाळा सोडत. सोळा ते अठरा या वयाच्या वरच्या वर्गांत, ज्याला ते 'सिक्स्थ फॉर्म' म्हणतात, लॅटिन, भौतिकशास्त्र, जर्मन असे विषय चालवायचे तर प्रत्येक विषयाला निदान आठ-दहा विद्यार्थी हवेत. सोडून जाणारे इतके असताना वर एवढे उरायचे तर खाली किती घ्यावे लागतील? त्यावरून दोन हजारांचा आकडा आला. हॉलंड पार्कही त्याच मापानं बेतली होती. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या तिशी-तिशीच्या तुकड्या करायला घेतल्या तर दहा-बारा तरी होणारच.

आता खरा मुद्दा इथे आहे. या दहा-बारा तुकड्या पाडायच्या कशा?

पहिले मुख्याध्यापक ॲलन क्लार्क. शाळेला गणवेश, मॉनिटर, शिस्त आणि हुशारीनुसार तुकड्या. म्हणजे वरची तुकडी ती ग्रामरसारखी, मधल्या मध्यम, तळातल्या तुकड्या सेकंडरी मॉडर्नसारख्या. क्लार्क यांना यासाठी दोष देणं सोपं आहे, पण आम्हाला ते योग्य वाटत नाही. विरोधक टपून बसले होते. 'इथे हुशार मुलांचं वाटोळं होईल' असं वर्तमानपत्रं लिहीत होती. जवळच ग्रामर शाळा चालूच होत्या, त्यामुळे परीक्षा पास झालेली मुलं बहुतेक तिकडे जात. अशा वेळी 'आमच्याकडेही विद्यापीठात जाणारी मुलं तयार होतात' हे दाखवणं ही शाळेच्या जिवाची गरज होती. मजूर पक्षाचे पुढारीसुद्धा तेव्हा कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे सर्वांना ग्रामर शाळेचं शिक्षण, असंच सांगत होते. पण परिणाम काय झाला? अकराव्या वर्षी जी चाळणी शाळेच्या फाटकाबाहेर होती, ती फाटकाच्या आत आली.

ही चाळणी काय करते यावर त्याच काळात उत्तम काम झालं. जे. डब्ल्यू. बी. डग्लस यांनी मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. १९६४ च्या पुस्तकात त्यांनी दाखवलं की प्राथमिक शाळेत आठव्या वर्षी वरच्या तुकडीत बसवलेली मुलं अकराव्या वर्षापर्यंत पुढे जातात आणि खालच्या तुकडीत बसवलेली मागे पडतात, सुरुवातीचे गुण सारखे असले तरीसुद्धा. आणि स्वच्छ कपडे, पुस्तकं असलेलं घर, चौकशी करणारे आईवडील असलेलं मूल वरच्या तुकडीत बसण्याची शक्यता त्याच्या गुणांवरून वाटेल त्याहून जास्त. १९६९ मध्ये ज्युलिएन फोर्ड यांनी लंडनमधल्या अशाच तुकड्या पाडणाऱ्या एका कॉम्प्रिहेन्सिव्हची ग्रामर आणि मॉडर्न शाळांशी तुलना केली. मुलं मैत्री कुणाशी करतात, हे त्यांनी पाहिलं. मैत्री तुकडीतल्या तुकडीत आणि वर्गातल्या वर्गात. इथे 'वर्ग' मी सामाजिक अर्थानं म्हणतो आहे. एका छपराखाली आणलं म्हणजे मुलं आपोआप मिसळतात, ही आशा तिथे खरी ठरली नाही.

जुलै १९६५ मध्ये शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी १०/६५ क्रमांकाचं परिपत्रक काढलं. सगळ्या स्थानिक शिक्षण मंडळांनी कॉम्प्रिहेन्सिव्ह पद्धतीकडे जाण्याच्या योजना सादर कराव्यात. त्यात 'आदेश' नाही, 'विनंती' आहे. परिपत्रक या प्रकाराशी आपला सगळ्यांचा जुना परिचय आहे, तेव्हा या दोन शब्दांतला फरक मी समजावून सांगत नाही. ज्यांना करायचं नव्हतं त्यांनी वर्षानुवर्षं केलं नाही. आणखी एक गंमत. १९७० मध्ये मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री झाल्या. त्यांनी आल्या आल्या हे परिपत्रक रद्द केलं. पण पालक आणि मंडळं यांचा रेटाच असा होता की सर्वांत जास्त कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळांना मंजुरी मिळाली ती त्यांच्याच कारकिर्दीत. सेकंडरी मॉडर्नमध्ये मूल गेलेले पालक हुजूर पक्षाचे मतदारही होतेच की.

हॉलंड पार्क तोवर देशभर गाजली होती, आणि त्याचं एक कारण बेन कुटुंब. मजूर पक्षाचे नेते टोनी बेन आणि त्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या पत्नी कॅरोलिन यांनी १९६४ मध्ये आपली मुलं महागड्या खासगी शाळेतून काढून इथे घातली. त्यांचा मुलगा हिलरी बेन पुढे मंत्री झाला. शाळेला 'समाजवाद्यांचं ईटन' असं टोपणनाव पडलं, थोडं कौतुकानं, जास्त कुचेष्टेनं. कॅरोलिन बेन यांनी मात्र नुसती मुलं पाठवली नाहीत. त्या शाळेच्या नियामक मंडळावर आल्या आणि तीसहून जास्त वर्षं राहिल्या. १९७० मध्ये ब्रायन सायमन यांच्याबरोबर त्यांनी देशातल्या कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळांची पाहणी पुस्तकरूपानं छापली. त्यातला एक मुद्दा अगदी किडब्रुकच्या जखमेवर बोट ठेवणारा आहे: शेजारी निवड करणारी ग्रामर शाळा चालू असेल तर बाजूची कॉम्प्रिहेन्सिव्ह नावापुरतीच कॉम्प्रिहेन्सिव्ह राहते. सायीचा थर आधीच काढून घेतलेल्या दुधाला सायीचं दूध कसं म्हणायचं?

लंडनच्या शिक्षण मंडळानं यावर एक तोडगा काढला होता. प्राथमिक शाळेच्या शेवटी मुलांची चाचणी घ्यायची आणि तीन गट पाडायचे: वरचे पंचवीस टक्के, मधले पन्नास, खालचे पंचवीस. पण हे गट वेगवेगळ्या शाळांत पाठवण्यासाठी नाहीत. उलट प्रत्येक शाळेला तिन्ही गटांतली मुलं साधारण त्याच प्रमाणात मिळावीत म्हणून. चाचणी तीच, हेतू नेमका उलटा. आम्हाला ही कल्पना फार आवडते. व्यवहारात मात्र ग्रामर शाळा चालू असेपर्यंत वरचा गट पुरेसा मिळत नसे.

सत्तरच्या दशकात शाळा बदलली. १९७१ मध्ये डेरेक रशवर्थ मुख्याध्यापक झाले. त्या काळात हुशारीनुसार तुकड्या मोडून सगळ्या पातळीची मुलं एका वर्गात बसवण्याची पद्धत रुजली, गणवेश गेला. १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्यानंतर मुलींना शिवण आणि मुलांना सुतारकाम ही वाटणीही शाळांना सोडावी लागली. मिश्र शाळेत ती तोवर खुशाल चालू असे, हेही सांगायला हवं. फाटक एक, पण तासाची घंटा झाली की मुली एका दाराला, मुलगे दुसऱ्या.

छडी मात्र तशीच होती. लंडन मंडळानं ती १९८१ मध्ये बंद केली, देशभरातल्या सरकारी शाळांत १९८७ मध्ये. छडी आधीच सोडून पाहणारा एक मुख्याध्यापक लंडनमध्येच होऊन गेला होता. इझलिंग्टनमधल्या रायझिंगहिल या मिश्र कॉम्प्रिहेन्सिव्हचे मायकेल डुएन. चार शाळा एकत्र करून १९६० मध्ये ती शाळा निघाली आणि १९६५ मध्ये बंद केली गेली. लीला बर्ग यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं, ते जरूर मिळवून वाचा. हॉलंड पार्क टिकली आणि रायझिंगहिल पाच वर्षांत मिटली, याचा विचार करताना क्लार्क यांचे गणवेश आणि लॅटिन आठवतात.

तुकड्या मोडल्या तरी एक भिंत उरलीच होती, परीक्षेची. सोळाव्या वर्षी 'ओ लेव्हल' ही परीक्षा वरच्या पंचवीसेक टक्क्यांसाठीच बेतलेली. १९६५ पासून त्याखालच्या मुलांसाठी 'सीएसई' नावाची दुसरी परीक्षा सुरू झाली. म्हणजे चौदाव्या वर्षी शिक्षकाला ठरवावं लागे की हा मुलगा कुठल्या परीक्षेचा. एकाच वर्गात दोन अभ्यासक्रम. दोन्ही परीक्षा एक होऊन 'जीसीएसई' आली, तिची पहिली परीक्षा १९८८ ची. शाळा एक करायला तीस वर्षं लागली, परीक्षा एक करायलाही जवळपास तेवढीच. आणि तीही कुणी केली? थॅचर यांच्याच सरकारनं.

पण त्याच १९८८ च्या कायद्यानं दुसरं काही सुरू झालं. पालकांना शाळा निवडायची मोकळीक, विद्यार्थ्यामागे पैसा, आणि थोड्याच वर्षांत शाळांच्या निकालांचे तक्ते वर्तमानपत्रांत. १९९० मध्ये लंडनचं एकत्रित शिक्षण मंडळ बरखास्त झालं, त्याबरोबर ती पंचवीस-पन्नास-पंचवीसची वाटणीही. हॉलंड पार्क केन्सिंग्टन अँड चेल्सी या बरोच्या हाती आली. पुढे कॉलिन हॉल मुख्याध्यापक असताना गणवेश परत आला, कडक शिस्त आली, आणि तपासणी करणाऱ्या ऑफस्टेड संस्थेनं शाळेला सर्वोच्च शेरा दिला. मैदानाचा एक भाग विकून त्या पैशातून २०१२ मध्ये सुमारे आठ कोटी पौंडांची नवी इमारत उभी राहिली. त्या टेकडीवर जमिनीला काय भाव असेल याची कल्पना करा! २०१३ मध्ये शाळा 'अकॅडमी' झाली, म्हणजे स्थानिक मंडळाच्या हाताखालून निघून थेट केंद्राच्या निधीवर. २०२२ मध्ये त्याच ऑफस्टेडनं तिला सर्वांत खालचा शेरा दिला, आणि २०२३ मध्ये ती युनायटेड लर्निंग या अनेक शाळा चालवणाऱ्या न्यासात गेली. एका शाळेनं साठेक वर्षांत पाहावं तेवढं सगळं या शाळेनं पाहिलं आहे.

इंग्लंडमध्ये आजही १६३ ग्रामर शाळा आहेत. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये एकही नाही.

या काळाचा आपल्याशी एक धागा आहे. क्रॉसलंड यांचं परिपत्रक निघालं तेव्हा इकडे कोठारी आयोगाचं काम चालू होतं. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक, आणि सदस्यांत लंडनच्या शिक्षणसंस्थेचे संचालक एल्विन हेही होते. १९६६ च्या अहवालात समान शाळा पद्धती आणि परिसरशाळा सुचवली गेली: मूल ज्या वस्तीत राहतं तिथल्या शाळेत सगळ्यांनी जायचं. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणात ते तत्त्व मान्यही झालं.

(यानंतर श्रोत्यांचे प्रश्न झाले. त्यातले दोन इथे घेतले आहेत.)

प्रश्न : या सगळ्यानं मुलांच्या शिक्षणात फरक पडला का?

याला थोडाफार पुरावा आहे. मार्च १९५८ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचाही डग्लस यांच्यासारखाच माग ठेवला गेला. म्हणजे ही मुलं हॉलंड पार्क शाळेच्याच वयाची! १९७४ मध्ये ती सोळा वर्षांची झाली तेव्हा काही ग्रामर-मॉडर्नमधून आली होती, काही कॉम्प्रिहेन्सिव्हमधून. जेन स्टीडमन यांनी १९८० मध्ये तुलना मांडली. अकराव्या वर्षी सारखे गुण असलेल्या मुलांची वाचनातली आणि गणितातली प्रगती दोन्हीकडे साधारण सारखीच होती. समर्थक म्हणाले, पाहा, हुशार मुलांचं नुकसान झालं नाही. विरोधक म्हणाले, पाहा, काही फायदा झाला नाही. आम्ही पहिल्या बाजूचे आहोत, कारण एवढ्याशा फरकासाठी चारातल्या तीन मुलांना अकराव्या वर्षी 'तू नापास' असं सांगायची गरज उरत नाही.

प्रश्न : आमच्या वेळी अ, ब, क, ड अशा तुकड्या गुणांनुसार असत. ते योग्य होतं का?

तुम्ही कुठल्या तुकडीत होता? (हशा.) 'ड'मध्ये. बरं. मग तुम्हीच सांगा, आम्ही ऐकतो.